परत आलेला डबा



आमच्या कॅम्प नं. ३ मध्ये घरोघरी पहाटे डबे भरले जातात. लोकल गाठणाऱ्याचा डबा संध्याकाळी तसाच परत आला, तर आपण म्हणतो, 'काम फार असेल.' कोणी वरचेवर 'आज उपास' म्हणाले, तर कौतुकच करतो! उपासाच्या आड उपासमार लपते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

दिवसभर पोटात काही नाही. रात्री घर निजल्यावर ओट्याशी उभे राहून, चवही न कळता, पोट दुखेपर्यंत खायचे. आणि त्या लाजेने सकाळी पुन्हा उपाशी निघायचे. याला हावरटपणा म्हणून आपण मोकळे होतो. वैद्यक तसे म्हणत नाही. सकाळी अन्नावर वासना नाही, रात्री खाणे आवरत नाही, झोप येत नाही, अशा विकाराचे वर्णन डॉ. स्टंकार्ड यांनी अमेरिकेत १९५५ सालीच केले. त्याच देशात, मिनेसोटा येथे, १९४५ साली ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. ते खिन्न झाले, चिडू लागले, अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही काहींचा हात थांबेना. भुकेने मनही बिघडते, ते असे.

अशा माणसाला 'जिभेवर ताबा ठेव' हा उपदेश आमच्या मते घातकच. दुपारी डबा उघडायला त्याला सवड हवी आणि डॉक्टरांकडे नेणारी सोबत हवी. मनाच्या दुखण्याविषयी १४४१६ या सरकारी क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य बोलता येते. उद्या डबा भरलेला परत आला, तर तो मुकाट्याने घासायला टाकू नका. जवळ बसून विचारा. मात्र रागावू नका.