मावळा गड चढतो

दिवाळीची सुटी लागली की मराठी घरांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. अंगण नसेल तिथे गच्ची, गच्ची नसेल तिथे सज्जा. इंदूर-बडोद्याकडची मराठी बिऱ्हाडेही या बाबतीत मागे नसतात. दगडविटांवर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलात पेरलेले अळीव, माथ्यावर महाराज आणि उतारावर मावळे, असा हा सरंजाम. त्यात उणीव असते ती एकच. मावळे जागचे हलत नाहीत. वसुबारसेला भाला उगारून उभा केलेला मावळा भाऊबीजेलाही भाला उगारूनच उभा असतो. तो गड चढून वर जावा ही मुलांची इच्छा जुनीच आहे. ती घरच्या घरी पुरी करण्याचे साधन मात्र आता कुठे सामान्य माणसाच्या खिशात आले आहे.

ते साधन म्हणजे मोबाइल, आणि ती युक्ती म्हणजे स्टॉप मोशन. मावळ्याचे एक छायाचित्र घ्यावयाचे. मग त्याला जवभर पुढे सरकवून दुसरे घ्यावयाचे; पुन्हा जवभर, पुन्हा छायाचित्र. ही चित्रे भराभर एकामागून एक दाखविली की डोळ्यांना मधले खंड जाणवत नाहीत आणि मावळा चालू लागतो. चित्रपटगृहातील चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. मुलाच्या कामाला १२ पुरतात. प्रारंभी ८ सुद्धा चालतील. सेकंदाला १२ धरली तर दहा सेकंदांच्या गोष्टीला १२० चित्रे लागतात आणि तीन मिनिटांच्या लढाईला २१६०. हे गणित मुलाने स्वतः पाटीवर मांडावे. मग लढाईचा बेत आपोआप आवरता होतो, आणि एकच मावळा, एकच चढण, एवढ्यावर गोष्ट येऊन ठेपते. ती तेवढीच असावी.

या खटाटोपाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले तेव्हा त्यांच्यापाशी कल्पना होती, पैसा नव्हता. चित्रपट म्हणजे काय, हे पैसेवाल्यांना पटवून देणे भाग होते. त्यासाठी त्यांनी नट जमविले नाहीत की देखावे उभारले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता झालेली दिसली, कर्जाची सोय झाली, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. पुढे 'आगकाड्यांची मौज' या छोट्या पटात त्यांनी आगकाड्याच नाचविल्या. एक वाटाणा आणि काही आगकाड्या: भारतीय चित्रपटाच्या आद्य पुरुषालाही या कामी याहून महाग नट लागले नाहीत.

म्हणून मुलाचा पहिला धडाही अंकुराचाच असावा. किल्ल्यासाठी आणलेले चिमूटभर अळीव एका बशीतल्या ओल्या मातीवर पसरावे आणि बशी खोलीच्या कोपऱ्यात, एकाच दिव्याखाली ठेवावी. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला एक, अशी चार दिवसांत ६० चित्रे होतात. त्यांतून पाच सेकंदांत उगवणारे रान मिळते. घरातला मोबाइल चार दिवस अडकवून ठेवता येत नाही. तेव्हा त्याची जागा खडूने आखावी आणि तो दर वेळी त्याच रेघांत आणून ठेवावा. काच तडकलेला एखादा जुना फोन कपाटात पडून असेल व त्याने छायाचित्रे निघत असतील, तर त्याचेही सोने होते. या धड्यात हलविण्याचे काम निसर्ग करतो. मुलाने शिकावयाचे ते थांबणे.

मग मावळ्याची पाळी. याचे अंदाजपत्रक आखावयाचे तर पहिली गरज तिवईची नाही, स्थैर्याची आहे. दोन विटांच्या मध्ये, किंवा तांदूळ भरलेल्या छोट्या पिशवीच्या कुशीत फोन पक्का बसतो. बोट लागून तो हलतो, म्हणून तारेचे इअरफोन जोडावेत. बऱ्याच फोनांत त्यांवरची आवाजाची कळ दाबली की छायाचित्र निघते. दुसरी गरज एकसारख्या उजेडाची. ढग सरकले की उन्हात घेतलेली चित्रे लुकलुकतात. पडदा ओढावा, अभ्यासाचा दिवा एका बाजूस लावावा, दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा टेकवावा. पुठ्ठ्यावरून परतलेला उजेड सावली मऊ करतो. पडद्यावर बोट दाबून धरल्यास अनेक फोनांत उजेडाचे व स्पष्टतेचे माप कायम राहते. चित्रे जोडून देणारी फुकट ॲप्स मिळतात. त्यांपैकी कित्येकांत मागल्या चित्राची फिकट छाया दिसते, त्यामुळे मावळा किती सरकला हे नेमके कळते.

बाजारचा मावळा ताठ असतो. तो सरकतो, पण पाय उचलत नाही. पाय उचलावयाचे तर मूर्ती घरीच करावी लागते. शाडू वाळून तडकतो, कणीक खचते. खेळण्याची रंगीत तेलकट माती वाळत नाही. तिच्या पोटात पातळ तारेचा सांगाडा घातला की हातपाय वाकविता येतात. तेही नको असेल तर पुठ्ठ्याचे कातरलेले, सांध्यांत दोरा ओवलेले बाहुले जमिनीवर आडवे ठेवून वरून चित्रे घ्यावीत. चाल कशीही असली तरी आरंभी व शेवटी पाऊल लहान आणि मध्ये मोठे ठेवावे; जड वस्तू तशीच निघते आणि तशीच थांबते. आवाज मागाहून द्यावा. दोन करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो; सुपात तांदूळ घोळविले की पाऊस पडतो.

साहित्याची ही यादी दोन-तीनशे रुपयांत आटोपते. महाग पडते ती निराळीच गोष्ट. असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. नऊ वर्षांची मुलगी दोन तास खपून सत्तर चित्रे घेते. वडील कचेरीतून येतात, पाहतात. मावळा उड्या मारीत चालला आहे, एका चित्रात तर अंगठाच आला आहे. टापटिपीची सवय जडलेले ते गृहस्थ मोजपट्टी घेऊन बसतात आणि रात्री अकरापर्यंत सगळी चढण नव्याने घेतात. मावळा आता लोण्यासारखा चालतो. सकाळी मुलगी ते पाहते, 'छान झालंय' म्हणते आणि फोन परत देते. 'बाबा, हा आता तुमचा झाला,' एवढेच तिचे शब्द.

अशा वेळी शहाणा बाप रात्रीची सगळी चित्रे पुसून टाकतो आणि विचारतो, 'आता मी काय करू?' मुलगी त्याला काम नेमून देते: चित्रे मोजावयाची, दिव्याला धक्का लागू द्यावयाचा नाही आणि मावळ्याला हात लावावयाचा नाही. हा तिसरा नियम पाळणे सर्वांत कठीण. चुकलेली चाल मोठ्याला पहिल्याच चित्रात दिसते. मुलाला ती चित्रपट फिरल्यावर दिसते, आणि तेव्हाच ती त्याची स्वतःची होते. मध्ये जो वेळ जातो तोच या छंदाचा खरा खर्च, आणि तो मोठ्यांनी सोसावयाचा असतो.

भाऊबीजेच्या रात्री घरची मंडळी त्या इवल्या पडद्याभोवती जमतात. करवंट्या वाजतात, मावळा अडखळत, उड्या घेत गड चढतो, आणि वाटेत क्षणभर डोंगराएवढा अंगठा झळकून जातो.

'अगं, हा अंगठा कोणाचा?' आजी विचारते.

'माझा,' मुलगी सांगते.