अनिश्चिततेचे ओझे आणि शरीराची साक्ष
(भुकूम, तालुका मुळशी येथील व्याख्यान)



वकिलीच्या व्यवसायात एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. दावा हरलेला मनुष्य रडतो, संतापतो आणि काही दिवसांनी कामाला लागतो. परंतु ज्याच्या दाव्याचा निकालच लागत नाही, तो आतून पोखरला जातो. तारखेच्या आदल्या रात्री त्यास झोप येत नाही. सकाळी घास उतरत नाही. पुकारा होताच तळहातांस घाम फुटतो व छाती धडधडू लागते. डॉक्टर तपासून म्हणतात, हृदय ठीक आहे. शेजारी म्हणतात, बाहेरचे काही असेल, देवऋषीला दाखवा.

हे बाहेरचे नव्हे. संकट येणार की नाही हे ठरविता येत नाही, तेव्हा मेंदू ते येणारच असे धरून शरीरास सज्ज करतो. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठतात, पचन मंदावते. वाघ समोर आला तर ही सज्जता पळावयास उपयोगी पडते. पण सातबाऱ्यावरील नोंदीची वाट पाहणाऱ्याने पळावे कोठे? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विजेचा सौम्य धक्का नक्की बसणार हे ठाऊक असणाऱ्यांपेक्षा, तो बसेल की नाही ही शक्यता निम्मी-निम्मी असताना माणसांवर अधिक ताण आढळला. निश्चित दुःखाहून अनिश्चितता शरीरास जड जाते, असा याचा अर्थ.

आपणांस हे नवे नाही. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा 1958 साली झाला व 1 ऑगस्ट 1959 पासून अमलात आला. जमिनी रक्कम भरून नव्या शर्तीने परत मिळण्याची तरतूद झाली. परंतु त्या शर्ती, नजराणा व वारसनोंदी यांचे वाद आजही चालू आहेत. पुणे शहर पौड रस्त्याने या भागापर्यंत वाढत आले, तसा जमिनीचा भाव वाढला आणि भावाबरोबर धास्तीही वाढली.

मग करावे काय? भगवान बुद्धांनी सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीरास लागतो; त्यावर शोक करीत राहणे हा दुसरा बाण. सतिपट्ठानात वेदनेकडे पाहावयास सांगितले आहे, तिला हाकलावयास नव्हे. छाती धडधडू लागली की स्वतःशी म्हणावे: ही धडधड आहे, ती आली आहे, ती जाईल. श्वास सावकाश सोडावा; उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते. मात्र छातीत प्रथमच दुखू लागले तर डॉक्टरांकडेच जावे.

परंतु येथेच थांबलो तर मी आपली फसवणूक करीन. श्वास पाहा असे सांगून कारभाराची दिरंगाई झाकता येत नाही. अनिश्चितता काही अंशी जगाच्या स्वभावात आहे. पण पुष्कळशी माणसांनी निर्माण केलेली आहे, आणि ती दूर करण्याचे साधन कायद्यात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. न मिळाल्यास अपील आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस व सर्व स्त्रियांस, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे मोफत वकील मागता येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 18 ने सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तस्मात आपणांस माझी विनंती आहे. आज रात्री झोप आली नाही तर एक कागद घ्या. एका बाजूस, जे आपल्या हातात नाही ते लिहा. दुसऱ्या बाजूस, कोणत्या कार्यालयास कोणता प्रश्न लेखी विचारावयाचा ते लिहा. सकाळी अर्ज द्या आणि पोच घ्या. पहिल्या बाजूसाठी श्वास आहे; दुसऱ्या बाजूसाठी कायदा आहे. घाबरणारे शरीर भित्रे नसते. फार दिवस कोणी उत्तर दिलेले नाही, एवढीच साक्ष ते देत असते. ती साक्ष ऐका, आणि उत्तर मागा.