रस्त्यावर आपली जागा कोणती?

(वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मोटारसायकलचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु आपण मुलाला पोटाला चिमटा घेऊन पंधरा वर्षे शिकवतो आणि गाडीची किल्ली मात्र काही न शिकवताच त्याच्या हाती देतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांत शंभरांपैकी 44 हून अधिक दुचाकीवरची होती. अशा प्रत्येक अपघाताबरोबर एखाद्या घराचा आधार जातो. म्हणून हाही शिक्षणाचाच विषय आहे.

आपल्या जालन्याचे रस्ते आपल्याला ठाऊक आहेत. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. रोलिंग मिलमधून सळयांनी भरलेले ट्रक निघतात. मोंढ्याकडे मालाची वाहने येतात. हंगामात अंबड-घनसावंगीकडे उसाच्या ट्रॉल्या चालू असतात आणि त्यांतील कित्येकांना मागे दिवा नसतो. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून गेला खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे आपल्याला याच अवजड वाहनांच्या सोबतीने जायचे आहे. मग त्यांच्यामध्ये आपली जागा कोणती, हे समजून घेतले पाहिजे.

पहिला नियम असा की आपण दिसलो पाहिजे. डावीकडून चालावे हे खरे, पण अगदी साईडपट्टीला घासून चालू नये. तेथे खडी-वाळू असते आणि खड्डा चुकवायला जागा उरत नाही. शिवाय मागच्या वाहनाला आपल्या अंगावरून घुसण्याचा मोह होतो. डांबराच्या कडेपासून थोडे आत, एका सरळ रेषेत चालावे. ट्रकच्या मागे असताना त्याच्या आरशाकडे पाहा. आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. ट्रकच्या डाव्या बगलेत तर कधीच शिरू नये. तो डावीकडे वळला की सुटायला वाट नसते.

दुसरा नियम अंतराचा. पुढचे वाहन रस्त्याकडेचा एखादा खांब ओलांडते, तेव्हापासून सावकाश मोजा. दोन सेकंदांच्या आत आपण त्या खांबापाशी पोचलो, तर फार जवळ आहोत. पाऊस असेल, रात्र असेल किंवा मागे कोणी बसलेले असेल, तर हे अंतर दुप्पट ठेवा. सळया बाहेर आलेल्या ट्रकमागे तर त्याहूनही लांब राहा.

आता ओव्हरटेकचा हिशेब मांडू. विद्यार्थी मित्रांनो, हे गणित वहीत करून पाहा. पुढचा ट्रक ताशी 40 किलोमीटरने आणि आपण 60 ने जात आहोत. ट्रकच्या मागे 20 मीटर, ट्रकची लांबी 10 मीटर आणि पुढे गेल्यावर 20 मीटर, असे 50 मीटर आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कापायचे आहेत. वेगातला फरक ताशी 20 किलोमीटर, म्हणून याला 9 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण 150 मीटर पुढे जातो. समोरून 60 नेच येणारे वाहनही 150 मीटर जवळ येते. म्हणजे 300 मीटर रस्ता मोकळा असला, तरी आपण जेमतेम वाचतो! दोन किलोमीटर-दगडांमधील अंतराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गाडीवर मागे माणूस आणि सामान असेल, तर वेग उशिरा वाढतो आणि हा आकडा आणखी वाढतो. एवढा रस्ता डोळ्यांना दिसत नसेल, तर ओव्हरटेकचा विचारच करू नये.

पुष्कळ मुले ट्रकच्या पाठीला चिकटतात आणि उजवीकडे डोके काढून पाहतात. उलट थोडे मागे राहिले, तर पुढचा रस्ता जास्त दिसतो. आधी आरशात पाहा, मान वळवून मागे पाहा, इंडिकेटर द्या, हॉर्न वाजवा आणि मगच उजवीकडून पुढे काढा. वळण, चढ, पूल, चौक आणि रेल्वे फाटक या ठिकाणी आणि अखंड रेषा असेल तेथे थांबावे.

एक धोका आपल्याकडे विशेष आहे. ट्रकवाला उजवा इंडिकेटर दाखवतो, तेव्हा कधी त्याचा अर्थ 'पुढे जा' असा असतो, तर कधी 'मी उजवीकडे वळतो आहे' असा. ट्रॅक्टरवाला तर काहीच न दाखवता शेताच्या वाटेला वळतो. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर आपला जीव सोपवू नका. स्वतःला रस्ता दिसला, तरच पुढे जा. रात्री समोरून एकच दिवा आला, तर ती मोटारसायकलच असेल असे धरू नका. एक दिवा बंद पडलेला ट्रकही असू शकतो.

पालकांना एक विनंती. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स 18 वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. 2019 च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या धाकापेक्षा आपले उदाहरण मोठे. अब्बा हेल्मेट हँडलला अडकवून गाडी दामटत असतील, तर मुलगा भाषण ऐकून सुधारणार नाही.

शेवटी घाईचा हिशेब. पंचवीस किलोमीटरच्या वाटेला ताशी 50 ने 30 मिनिटे लागतात आणि 60 ने 25. सगळ्या धडपडीची कमाई पाच मिनिटे! घरी अम्मी दाराकडे डोळे लावून बसलेली असते. तिला पाच मिनिटे उशीर चालतो. मुलगा मात्र घरी आलाच पाहिजे.