आखडलेला खांदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. गेल्या दीड वर्षात जे सोसले आणि त्यातून जे शिकले, तेवढेच सांगते.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आले नाही, म्हणून काहीजणी रागावल्या होत्या. खरे कारण तेव्हा सांगितले नाही. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. समोरच्या बाईला कुंकू लावता येईना, तर यायचे कशाला? वेणी मुलगी घालून देई. फळीवरचा डबा काढायला मुलाला हाक मारावी लागे. नाशिकला जाताना बसमधला वरचा दांडा धरवत नसे. रात्री त्या कुशीवर वळले की कळ येऊन जाग येई.

आधी मी, आपण साऱ्याजणी करतो तेच केले. वात म्हणून तेल चोळले. एका मालीशवालीने हात धरून हिसका दिला. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग भीतीने हात पोटाशी धरून बसले. जितका जपला तितका तो अधिक आखडला.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासले तर साखर वाढलेली! मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणे अधिक होते, आणि चाळीस ते साठ या वयात, त्यातही बायकांना, जास्त. डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले.

त्यांनी सोपे करून सांगितले. खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेला चेंडू. त्याभोवती एक पिशवी असते. ती सुजून जाड होते, आकसते आणि हात अडतो. १९३४ साली अमेरिकेतील डॉ. कॉडमन यांनी याला 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव दिले. आधी काही महिने दुखणे वाढते, मग दुखणे उतरते पण हात अडलेलाच राहतो, आणि मग हळूहळू सुटतो. याला एक ते तीन वर्षेही लागतात.

बाईंनी स्वतः माझा हात उचलून पाहिला, तरी तो वर जाईना, बाहेर वळेना. दुसऱ्याने उचलला तर जातो, पण आपल्याला उचलवत नाही, असे असेल तर दुखणे बहुधा निराळे, आणि व्यायामही निराळे. म्हणून तपासून घेतल्यावाचून माझे पाहून काही करू नका.

मला सांगितलेले असे. आधी पंधरा मिनिटे सोसवेल इतका शेक. मग डावा हात टेबलावर टेकून वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा. भिंतीवर बोटे चालवीत वर न्यायची. मी तिथे पेन्सिलीने खूण करी. दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकलायचे. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून दोनदा. ताण जाणवावा, पण नंतर तासन्‌तास ठणकत राहिले तर दुसऱ्या दिवशी कमी करायचे. हिसका कधीच नाही. फार दुखत असेल तर डॉक्टर सांध्यात इंजेक्शनही देतात.

एक मात्र लक्षात ठेवा. खांदादुखीबरोबर छातीत दडपण, धाप किंवा घाम असेल तर शेकत बसू नका, तडक दवाखाना गाठा. पडल्यावर हात उचलेनासा झाला, ताप आला किंवा हाताला मुंग्या येऊन बळ गेले, तरीही थांबू नका.

पहिले दोन महिने भिंतीवरची खूण जेमतेम चार बोटे चढली. मी कंटाळून सोडणार होते. तेव्हा माझी लेक म्हणाली, "आई, चार बोटे चढली ना? मग आणखी चार चढतील." आज ती खूण माझ्या डोक्याच्या वर आहे. पाठीमागे हात अजून पुरता जात नाही.

भगिनींनो, घरातल्या बाईचा हात दुखतो, याला आपण स्वतःच दुखणे म्हणत नाही. मी सहा महिने लपवले, ते फुकट गेले. तुम्ही लपवू नका.

आजची ही वेणी माझी मी घातली आहे. आणि यंदाच्या संक्रांतीला मी सर्वांना कुंकू लावणार आहे.