बंड्याचा प्रसाद



बँकेत ३६ वर्षे दुसऱ्यांची खाती तपासली, पण घरच्या कुत्र्याच्या ताटलीकडे लक्ष गेलं नाही. मागे सोसायटीच्या सत्यनारायणाला आमच्या बंड्याला तुम्ही सर्वांनी प्रेमानं शिरा भरवला, बेदाण्यांसकट. मीही भरवला. रात्री उलट्या सुरू झाल्या. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मला सत्तरी उलटल्यावर डॉक्टरांकडून कळलं! चार दिवस सलाईन, तेव्हा वाचला. चॉकलेट, कांदा हेही त्याला वर्ज्य. चुकून खाल्लंच तर उलटीची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर गाठा. बंड्या लिफ्टमध्ये भेटला तर डोक्यावरून हात फिरवा. त्याच्या वाटणीचा शिरा माझ्याकडे द्या. फक्त माझ्या शुगरचं आमच्या सौ.ना सांगू नका.