आक्काची मुंबई
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



'मुंबई दर्शन' या विषयावर बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. एकतीस वर्षं मी ठाण्याहून फोर्टात नोकरीला गेलो. मुंबई पाहिली म्हणाल, तर आठ-बाविसची फास्ट आणि ऑफिसची टेबलं!

गेल्या डिसेंबरात साताऱ्याकडून माझी थोरली बहीण, आक्का आली. वय शहात्तर. याआधी लग्नाकार्याला यायची, पण स्टेशन ते घर एवढंच. यंदा म्हणाली, "बाळू, मला मुंबई दाव. तुझे दाजी ऱ्हायले ती."

दाजी लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले, ते कायमचेच. आक्काने अठरा वर्षं मुंबई पाहिली ती फक्त मनिऑर्डरच्या कुपनावर.

गर्दी ओसरल्यावर, अकराच्या गाडीने निघालो. पाहुण्यांना नेणार असाल तर हीच वेळ बरी. सीएसएमटीला उतरून बाहेर आलो आणि आक्का रस्त्यातच थांबली. "ह्यो वाघ कशापायी बसवलाय रं?" मी वर पाहिलं. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. एक इंग्लंडचा, एक आपला. भिंतींवर दगडी माकडं, मोर. १८८८ साली पुरी झालेली ही इमारत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आणि मी तिच्या पोटातून रोज खाली मान घालून पळत होतो!

तिथून गेटवे. १९२४ साली बांधून झालेली ही कमान. १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची इंग्रज पलटण इथूनच गेली, हे मी आक्काला सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. तिने पिशवीतून एक पिवळा पडलेला फोटो काढला. दाजी, पांढरा शर्ट, मागे गेटवे. तिथल्या फोटोवाल्याला म्हणाली, "ह्याच जागंवर माझा काढ." त्या पोराने जुना फोटो दोनदा पाहिला, तिला चार पावलं डावीकडे सरकवलं आणि फोटो काढला. पैसे मात्र घेईना. मी बळेच दिले.

शेवटी लालबाग. दाजी राहायचे तो गाळा म्हणजे एक खोली. वीस-बावीस माणसं, पाळीपाळीने झोपायची, जेवण खानावळीत. ती चाळ आता नाही. गिरणीच्या जागी काचेचा टॉवर. फाटकावर वॉचमन, बिहारचा. आक्काला हिंदी येत नाही, त्याला मराठी जेमतेम. तरी दहा मिनिटं बोलत होती. "घरला कवा जातूस?" "साल में एक बार, माँजी." आक्काने पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू काढले आणि सगळा डबाच त्याच्या हातात दिला.

परतताना गाडीत म्हणाली, "दाजी बी असंच सांगायचं. वर्साला एकदा." मग ठाण्यापर्यंत काही बोलली नाही.

त्या रात्री आपल्या गेटवर आलो. गेली नऊ वर्षं मला नमस्कार करणाऱ्या वॉचमनचं गाव मला माहीत नव्हतं, लाज वाटली. दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याची बायको-मुलं येत्या मे महिन्यात पहिल्यांदा इथे येतायत.

सभासदहो, रौप्यमहोत्सवाची सहल मे महिन्यातच आहे. आपले वॉचमन, सफाईवाले, घरोघरच्या मावशी, सगळ्यांना कुटुंबासकट त्या बसमध्ये घ्यावं, अशी माझी सूचना आहे. खर्चाचा प्रश्न निघेल, म्हणून माझी वर्गणी आत्ताच खजिनदारांकडे देतो. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, तेवढी तारीख सांभाळा. आणि सीएसएमटीला पोरांना तो वाघ दाखवायला विसरू नका.