पिशवी गेली, पुढे काय?

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी फेडायची. पहाटे फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. पाळीत पोट दुखलं म्हणून बाई कोपीवर थांबली, तर खाडा पडतो. खाड्याचे पैसे कापले जातात.

यातूनच ‘पिशवी काढून टाक’, म्हणजे गर्भाशयच काढून टाक, हा सल्ला रुळला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने चौकशी समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा जणींमागे एक! त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या.

वास्तविक पाळीची सूत्रं गर्भाशयाच्या हाती नसतातच. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून दर तासा-दीड तासाने एक संप्रेरक थोडं थोडं सुटतं. त्याच्या इशाऱ्यावर पियूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच रक्तात सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातली बीजपुटकं वाढतात. त्यांतलं एक पुढे सरकतं आणि भरपूर इस्ट्रोजेन बनवू लागतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. एरवी इस्ट्रोजेन पियूषिकेला आवर घालतं, पण त्याची पातळी चढून दोनेक दिवस टिकली की नेमकं उलट घडतं. एलएच एकदम उसळतं आणि साधारण ३६ तासांत बीज बाहेर पडतं. रिकाम्या पुटकाचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन देतो. गर्भ राहिला नाही, तर दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही घसरतात आणि अस्तर सुटून पाळी येते.

बीज सुटायच्या सुमारास इस्ट्रोजेनमुळेच पातळ, तार धरणारा स्राव वाढतो. तो आजार नव्हे. खाज, आग, दुर्गंधी असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्यावर औषधं आहेत. तरीही ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणून दवाखान्यात गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलं गेलं. हा अन्यायच आहे.

नुसतं गर्भाशय काढलं तर रक्तस्राव थांबतो. अंडाशयांचं काम चालू राहतं, मात्र रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. दोन्ही अंडाशयंही काढली, तर तिशीतल्या बाईचं इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. अन् मोळी तर उद्याही उचलायचीच असते.

पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, त्यांनी डिस्चार्ज कार्ड घेऊन सरकारी दवाखान्यात जावं आणि अंडाशयं ठेवली आहेत की काढली, हे विचारावं. काढली असतील, तर हाडांची तपासणी आणि संप्रेरकांच्या गोळ्या, दोन्हींबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं.